खात्यात आलेले पंधराशे घरात कुठे जातात?

ग्राहक सेवा केंद्राच्या ओट्यावर सकाळी सकाळी बायकांची रांग दिसली की गावात कुणाला काही सांगावं लागत नाही. लाडकी बहीण योजनेचा हप्ता पडलेला असतो. गेल्या हिवाळ्यात अशाच एका रांगेत मी माझ्या मामीबरोबर बसले होते. कापूस वेचणीचे दिवस. बोंडांच्या टोकांनी मामीच्या बोटांची कातडी सोलवटलेली, त्यामुळे यंत्रावर अंगठा उमटेना. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "मामी, अंगठा उठत नाही तुमचा. दुसरं बोट ठेवून बघा." दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. शेवटी बोट पदराला पुसून, जरा ओलं करून ठेवल्यावर चौथ्या खेपेला पावती निघाली. १,५०० रुपये.

तिथून मामी घरी गेली नाही. आधी किराणा दुकानात गेली. दुकानदाराने लांबट वही काढली आणि तिच्या नावापुढच्या ७०० वर काट मारली. मग बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंकडे ३०० दिले. नातवाला ताप आला तेव्हा शेजारणीकडून घेतलेले २०० परत केले. उरलेले ३०० घरी आल्यावर ज्वारीच्या डब्यात, पिशवीत गुंडाळून ठेवले.

आता कुणी मामीला विचारलं, "त्या पैशांचं काय घेतलंस?" तर काय सांगणार ती? त्या दिवशी तिने काहीच घेतलं नाही. तेल, चहापत्ती, साखर महिनाभरापूर्वीच आली होती आणि संपलीही होती. नातवाचं औषध पिऊन झालं होतं. तिने फक्त आधीच झालेला खर्च फेडला. थेट खात्यात येणाऱ्या पैशांबद्दल आपल्याकडे इतका वाद चालतो, पण ही साधी गोष्ट त्या वादात फारशी येत नाही. गरीब घरात आलेला पैसा बहुतेक वेळा मागची भोकं बुजवतो. त्यामुळे रक्कम किती, याच्याइतकंच ती कधी येते आणि कुणाच्या हातात पडते, यालाही महत्त्व आहे. माझ्या मते जरा जास्तच आहे.

हे समजून घ्यायला कोरडवाहू घराचं वर्ष डोळ्यासमोर आणू. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतं. कापूस थोडा थोडा करत जानेवारीपर्यंत येतो. मजुरी मिळते ती पेरणी, निंदणी, काढणीच्या दिवसांत. मधले महिने सुने. खर्चाला मात्र असं वेळापत्रक नाही. जूनमध्ये बियाणं-खत आणि मुलांच्या वह्या-दप्तरं एकदम येतात. श्रावण-भाद्रपदात घरातलं धान्य सरत आलेलं असतं, नेमकी तेव्हाच तापाची साथ येते. वर्षाची मिळकत आणि वर्षाचा खर्च कागदावर जुळतही असेल, पण जुलैमध्ये हातात काही नसतं.

मग काय करतात? दुकानात उधारी. शेजारी उसनवारी. मंगळसूत्रातले मणी गहाण. आठवड्याला हप्ता फेडायचं गटकर्ज. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात मुकादमाकडून घेतलेली उचल. यातल्या प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. शेकडा पाच रुपये महिना हा दर ऐकायला किरकोळ वाटतो. पण २,००० रुपये त्या दराने चार महिने वापरले तर ४०० रुपये नुसतं व्याज होतं. वर्षाचा हिशेब लावला तर तो ६० टक्के दर आहे. म्हणजे जुलैमध्ये वेळेवर हातात पडलेल्या २,००० रुपयांची त्या घरातली किंमत २,४०० आहे. तेच पैसे दिवाळीनंतर आले तर २,००० ची सोय होते, ४०० गेले ते गेलेच.

आपल्याकडच्या योजनांचे आकडे या नजरेने बघा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांत येतात. २०१९ मध्ये ही योजना सुरू झाली. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून तेवढेच आणखी मिळतात. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजना आली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिन्याला १,५००, म्हणजे वर्षाला १८,०००. जमीन बाईच्याच नावावर असून आधीच्या दोन्ही शेतकरी योजनांचे १२,००० तिलाच मिळत असतील, तर लाडकी बहीणमधून महिन्याला ५०० च येतात. बेरीज करून बघा, १२,००० अधिक ६,०००, पुन्हा १८,०००. वर्षाची रक्कम तीच, पण एकीला ती दर महिन्याला येते आणि दुसरीला तिचा मोठा भाग चार-चार महिन्यांनी येतो. घर चालवणाऱ्या बाईसाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता दारूचा प्रश्न घेते, कारण तो कुणीतरी विचारतोच. गरिबाच्या हातात रोख पैसा दिला तर तो पिण्यात उडवणार, हा समज जगभर आहे आणि म्हणूनच तो जगभर तपासूनही झाला आहे. जागतिक बँकेतल्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा या दोन अभ्यासकांनी वेगवेगळ्या खंडांतले १९ अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यातून निघालं नाही. बऱ्याच ठिकाणी तो उलट थोडा घटला.

हे वाचून मला बरं वाटतं, पण एवढ्यावर मी थांबू शकत नाही. ही सरासरी आहे. ज्या घरात नवरा रोज पिऊन येतो आणि डब्यातले पैसे शोधतो, त्या घरातल्या बाईला सरासरीचा काय उपयोग? तिच्यासाठी खातं कुणाच्या नावावर आहे आणि पासबुक कुणाच्या ताब्यात आहे, हाच खरा प्रश्न. त्याकडे पुढे येते.

दुसरा समज आळसाचा. फुकट मिळालं की लोक कामाला जात नाहीत. मुंबईत जन्मलेले, मराठी आईचे चिरंजीव अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात योजनांची आकडेवारी तपासली. पैसे मिळाल्यामुळे लोकांनी काम सोडल्याचा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. आणि तसंही, दिवसाला पन्नास रुपयांच्या आसपास पडणाऱ्या रकमेवर कोण घरी बसणार आहे? मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्याची तक्रार खरी असते, तिच्यामागे बरीच कारणं असतात. पण बाई मजुरीला येत नाही याचा अर्थ ती बसून आहे असा होतोच असं नाही. कधी कधी ती स्वतःच्या वावरात असते.

हे मी उगाच म्हणत नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, इंदूरच्या आसपासच्या गावांत हे घडलेलं आहे. २०११ मध्ये 'सेवा' या महिला कामगारांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने तिथे एक प्रयोग केला. आठ गावांत प्रत्येक माणसाला दरमहा पैसे दिले. मोठ्यांना २०० रुपये, मुलांना १००, आणि मुलांचे पैसे आईच्या नावे. वर्षभराने ते ३०० आणि १५० केले. म्हणजे नवरा-बायको आणि तीन लेकरं असलेल्या घराला सुरुवातीला महिन्याला ७०० रुपये. अट कसलीही नाही. शाळेचा दाखला आणा, लसीचं कार्ड दाखवा, काही नाही. तशाच दुसऱ्या बारा गावांत पैसे न देता फक्त पाहणी केली, म्हणजे तुलना करता यावी. शिवाय एका आदिवासी गावातही वेगळा प्रयोग झाला.

पैसे कुठे गेले? सगळ्यात आधी ताटात. डाळ, भाजी, दूध, आदिवासी गावात अंडी आणि मासळीही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांची वजनं वयाच्या मानाने सुधारली, आणि मुलींची अधिक सुधारली. दुखणं अंगावर काढण्याऐवजी लोक औषध घेऊ लागले आणि ते पूर्ण संपवू लागले. मुलं शाळेत टिकली. शेळ्या-कोंबड्या वाढल्या. कर्जाचं ओझं हलकं झालं. आणि इथे तो मजुरीचा मुद्दा येतो. कित्येक घरांनी दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या तुकड्यात जास्त काम केलं. कारण बियाणं-खत घ्यायला हातात थोडी रोकड होती. ती नव्हती तेव्हा स्वतःचं वावर अर्धवट टाकून दुसऱ्याच्या शेतात जावं लागायचं, कारण संध्याकाळी तिथे रोख पैसे मिळायचे. याला आळस कसं म्हणायचं?

पैशाची चणचण माणसाच्या डोक्याचं काय करते, हेही एकदा मोजलं गेलं. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची तोडणीच्या आधी आणि ऊस गेल्यानंतर, अशी दोनदा बुद्धीची चाचणी घेतली. २०१३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. माणूस तोच, पण उसाच्या पैशांचं बिल हातात येण्याआधी त्याची उत्तरं जास्त चुकायची. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही घरात हे विचारून बघा, बिल थकलेलं असताना घरात कोण कुणावर कसं खेकसतं ते कळेल. हप्त्याची चिंता डोक्यात फिरत असताना माणसाचे इतर निर्णय बिघडतात, आणि नंतर आपण म्हणतो, यांना व्यवहार कळत नाही.

आता तो प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पैसे एकरकमी द्यावेत की दर महिन्याला?

यासाठी केनियात जावं लागतं. तिथे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा ही सोय २००७ पासून खेडोपाडी पोचली आहे. गिव्हडायरेक्टली नावाच्या संस्थेने तिच्यामार्फत गरीब घरांना थेट पैसे द्यायला सुरुवात केली. व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या खेड्यांत काही घरांना रक्कम एकदम दिली, काहींना महिन्या-महिन्याला. दर महिन्याचे पैसे मिळालेल्या घरांत जेवणाची ददात कमी झाली. एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या. घरावर पत्रा टाकणं हा त्यातला मोठा खर्च. गवताचं छप्पर दर वर्षा-दोन वर्षांनी शाकारावं लागतं, त्याला पैसे आणि दिवस दोन्ही लागतात, आणि तरी पावसात घर गळतं. पत्रा टाकला की वर्षावर्षाचा तो खर्च वाचतो. आपल्याकडे ज्यांच्या घराने गवताचं किंवा धाब्याचं छत पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणजे दरमहाच्या पैशाने पोट भरतं आणि एकरकमीने घर उभं राहतं, एवढंच का? तसं वाटतं खरं. पण त्याच केनियात पुढे एक मोठा प्रयोग सुरू झाला. सुमारे दोनशे गावांतल्या प्रौढांना पैसे मिळाले, तीन गट करून. एका गटाला दर महिन्याला साधारण साडेबावीस डॉलर, तेही बारा वर्षं मिळणार असं वचन. दुसऱ्याला तेवढेच, पण दोनच वर्षं. तिसऱ्याला दोन वर्षांचे पैसे एकदम. दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा पहिल्या दोन्ही गटांच्या हातात तोपर्यंत पडलेली रक्कम सारखीच होती. तरी बारा वर्षांचं वचन मिळालेल्यांनी दोनच वर्षं मिळणार असलेल्यांपेक्षा धंद्यात जास्त उडी घेतली होती. छोटी दुकानं, विक्रीचे व्यवसाय.

कसं जमलं त्यांना? ते भिशी लावत होते. तिथे तिचं नाव वेगळं आहे, पण आहे ती भिशीच. दहा-बाराजणांनी दर महिन्याला ठरलेली रक्कम काढायची आणि एकेकाने पाळीपाळीने सगळी उचलायची. पुढची दहा वर्षं पैसे येणारच आहेत याची खात्री असल्यामुळे ते मोठ्या भिशीत शिरू शकले. पैसे बंद होणार हे माहीत असलेला माणूस भिशीत कसा शिरणार? मध्येच भरणं थांबलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

मामीच्या डब्यातल्या ३०० रुपयांचं कोडं मला हे वाचल्यावर सुटलं. ते ती शेळीसाठी साठवते का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "शेळी घेईन गं, पण पुढच्या महिन्याचं काय ठाव? आला तर आला." म्हणून ते पैसे डब्यात. शेळीसाठी भिशी लावायची तर महिन्याची खात्री हवी, आणि डब्यात ठेवलेले पैसे घरातल्या पहिल्या दुखण्याला जातात. तारीख ठरलेली असेल तर पंधराशे रुपये घराचं भांडवल होऊ शकतात. तारीख बेभरवशाची असेल तर तेच पंधराशे उधारी फेडण्यात संपतात. निवडणुकीच्या आधी दोन हप्ते एकत्र आणि नंतर पडताळणीच्या नावाखाली खाडे, असा पैसा आला तर वर्षाची बेरीज तीच राहील, पण घरातला त्याचा उपयोग अर्ध्यावर येईल. योजना आखणाऱ्यांनी रक्कम वाढवण्याची घोषणा करण्याआधी तारीख जाहीर करावी आणि पाळावी, असं मला मनापासून वाटतं.

आता हातात कुणाच्या, ते. मध्य प्रदेशाच्या उत्तर भागात रोजगार हमीची मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा करून, ते खातं कसं वापरायचं हेही तिला शिकवलं, तेव्हा त्या बायका कामाला जास्त बाहेर पडू लागल्या. नुसतं खातं उघडून दिलं त्या ठिकाणी तेवढा फरक पडला नाही. पैसे काढायला जाणं, पासबुक वाचणं, शिल्लक विचारणं या गोष्टी बारीक दिसतात. पण त्या येत नसतील तर बाईच्या नावावरचं खातं नवऱ्याचंच असल्यासारखं असतं.

आणि इथे एक तांत्रिक गोम आहे, ती नीट समजून घ्या, कारण तिच्यामुळे हजारदा "पैसे आलेच नाहीत" असं होतं. सरकार पैसे पाठवताना खाते क्रमांक न बघता बऱ्याचदा आधार क्रमांक बघून पाठवतं. तो आधार कुठल्या बँकेशी जोडलाय याची नोंद बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे असते. या नोंदीत एका आधारला एकच बँक असते. तुम्ही चार बँकांत आधारची झेरॉक्स दिली असेल, पण पैसे जातील ते सगळ्यात शेवटी ज्या बँकेत ही जोडणी झाली तिथे. मग बाई गावच्या बँकेत पासबुक भरून घेते, नोंद दिसत नाही, ती हताश होते. आणि पैसे पडून असतात तालुक्याच्या दुसऱ्या बँकेतल्या, कधीतरी कुणीतरी उघडून दिलेल्या खात्यात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' असं पान आहे, तिथे मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं. हप्ता चुकला असेल तर पुन्हा अर्ज भरण्याआधी हे बघा.

पैसे योग्य खात्यात पडले तरी कधी कधी मध्येच अडकतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे पहिले पैसे जमा झाले तेव्हा काही बँकांनी ते थकलेल्या कर्जात किंवा किमान शिल्लक नसल्याच्या दंडात वळते केल्याच्या तक्रारी आल्या, आणि तसं करू नका म्हणून सरकारला बँकांना बजावावं लागलं.

रोख पैसा सगळीकडे चालतो असंही नाही. झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी तालुक्यात २०१७ च्या ऑक्टोबरपासून रेशनच्या तांदळाऐवजी पैसे खात्यात द्यायला सुरुवात केली. लोकांनी बँकेतून पैसे काढायचे आणि रेशन दुकानात ३२ रुपये किलोने तांदूळ घ्यायचा. आधी तोच तांदूळ १ रुपयाला मिळायचा. बँक एका गावात, दुकान दुसऱ्या गावात, पैसे आले की नाही ते कळायला तिसरी चक्कर. मजुरी बुडायची ती वेगळीच. लोकांनी रांचीपर्यंत पायी मोर्चा नेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये हा प्रयोग गुंडाळला गेला.

आपल्याकडे मराठवाडा आणि विदर्भाच्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी १५० रुपये मिळू लागले, पुढच्या वर्षी ते १७० झाले. पूर्वी माणशी ५ किलो धान्य मिळायचं. १७० ला ५ ने भागलं तर किलोला ३४ रुपये येतात. बाजारात भाव वाढला की हे ३४ आपोआप वाढत नाहीत, पण ५ किलो हे ५ किलोच राहतात. म्हणून धान्याच्या जागी पैसे देणं आणि धान्याबरोबर पैसे देणं, या दोन गोष्टींत मी कायम फरक करते. उपकेंद्रात परिचारिका नसेल तर पंधराशे रुपयांनी ती येत नाही. मामीने नातवाला खाजगी दवाखान्यात नेलं ते सरकारी बंद होता म्हणून, आणि शेजारणीचे ते २०० रुपये त्यातच गेले होते.

मागच्या महिन्यात मामीच्या बचत गटाचं रजिस्टर माझ्या हातात आलं. पहिल्या पानांवर बैठकीची तारीख ठरलेली दिसते, दर महिन्याची ५ तारीख, एकही खाडा नाही. अलीकडच्या पानांवर दोन महिने १९ आहे, मग २७, मग पुढच्या महिन्याची ८. शेवटच्या पानावर बचतीचे रकाने आखून ठेवलेत, बारा नावं लिहिलीत, आणि तारखेच्या जागी सचिवबाईंनी लिहिलंय, 'हप्ता आल्यावर'.